गणिताच्या मास्तरांचं सासर

कुंभकोणमच्या मेलकावेरी पेठेतल्या म्युनिसिपल हायस्कुलातला गणिताचा मास्तर पळाला, ही बातमी मीनाक्षीबाईंना नदीवर कपडे धुताना कळली. ‘पळाला’ हा शब्द शेजारच्या अंबाबाईंचा. खरं तर तो बिचारा रीतसर राजीनामा देऊन मद्रासला रेल्वेच्या कचेरीत नोकरीवर गेला होता. पण वर्षाच्या आत तिसरा मास्तर गेल्यावर गल्लीतल्या बायकांनी कोणता शब्द वापरावा, हे त्यांना कोण शिकवणार?

मीनाक्षीबाईंनी हातातलं लुगडं दगडावर तसंच टाकलं. त्यांचा थोरला मणी सहाव्या फॉर्ममध्ये, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात, दुसऱ्यांदा बसला होता. मागल्या डिसेंबरात इंग्रजी, इतिहास, सगळ्यांतून पार झाला आणि गणितात बुडाला. बुडेल नाही तर काय करील? वर्षभरात तीन मास्तर आले. प्रत्येकाने आल्याआल्या भूमितीचं पहिलं पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं आणि ते संपायच्या आत गाशा गुंडाळला. पहिलं पुस्तक पोरांना विष्णुसहस्रनामासारखं पाठ झालं होतं. दुसऱ्या पुस्तकाचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. परीक्षेत मात्र दुसऱ्यातलंच आलं.

मणीचे वडील तुकोजी यांचं मोठ्या बाजारात पितळी भांड्यांचं दुकान होतं. त्यांचे आजोबा तंजावरच्या राजवाड्यात भांड्यांच्या कोठीवर होते. राज्य खालसा झालं, कोठीला कुलूप लागलं, तेव्हा घर कुंभकोणमला आलं आणि भांडी वाटायची ती विकायला लागलं. तुकोजी स्वभावाने गरीब. त्यांनी मणीला एवढंच सांगितलं होतं की आणखी एकदा बस, आणि नाही जमलं तर दुकानात ये, दुकान काही वाईट नाही. वाईट नव्हतंच. पण संध्याकाळी नदीपलीकडच्या कॉलेजची घंटा वाजली की मणी हातातलं काम थांबवून तिकडे पाही, आणि मीनाक्षीबाई मणीकडे पाहत.

त्याच आठवड्यात पालकांचा घोळका हेडमास्तर कृष्णरावांकडे गेला. बायकांनी शाळेत जायची रीत नव्हती. मीनाक्षीबाई आणि अंबाबाई नवऱ्यांच्या मागोमाग निघाल्या आणि कुणी परत जा म्हणायच्या आत शाळेच्या पायरीवर पोचल्या. अंबाबाईंचा नातू पाचव्या फॉर्मात होता, तेव्हा हक्क त्यांचाही होता.

कृष्णरावांनी कुणाला अडवलं नाही. भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं. त्यावर इतक्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या की मूळ कागद दिसतच नव्हता. ते म्हणाले, नवा मास्तर येतोय, वेल्लूरचा आहे, राधाकृष्ण नाव, आपलीच भाषा बोलतो. पण जागा दोन आणि माणूस एक. सकाळी तो खालचे वर्ग घेईल. पाचवी आणि सहावी एकत्र बसवावी लागेल. एवढी पोरं मावतील असं एकच दालन आहे आणि ते दुपारी दोनलाच रिकामं होतं. म्हणजे मॅट्रिकचं गणित दुपारी दोनला.

पालकांत कुजबुज झाली. रणरणत्या उन्हात, भात खाऊन आलेली पोरं, आणि पुढ्यात बीजगणित. तुकोजींनी खाकरून काही म्हणायची तयारी केली, तेवढ्यात अंबाबाईंनी दाराआडून तोंड घातलं.

“दुपारी दोनला देवसुद्धा निजतो, कृष्णराव. मठातला विठोबा चार वाजता पडदा उघडतो.”

“देवाला मॅट्रिकला बसायचं नाही, अक्का,” कृष्णराव म्हणाले.

त्यावर सगळे हसले, आणि हसल्यावर भांडायचं राहून गेलं.

नवे मास्तर आले ते एक छत्री, एक ट्रंक आणि एक बायको घेऊन. अंबाबाईंनी मागची खोली त्यांना दिली. मास्तर काडीसारखे किडकिडीत होते. अंबाबाई म्हणाल्या, हा काय टिकणार, वारा आला तर वेल्लूरला परत जाईल. पण पहिल्याच दिवशी मणी शाळेतून धावत घरी आला. मास्तरांनी पुस्तक उघडलंच नव्हतं. त्यांनी पोरांना विचारलं होतं, तुम्हाला काय येत नाही तेवढं सांगा. इतक्या मास्तरांत हे कुणी विचारलं नव्हतं. मग एकाने भीतभीत सांगितलं, दुसऱ्याने, आणि मग सांगण्याची अशी झुंबड उडाली की तास संपला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी थेट दुसऱ्या पुस्तकाला हात घातला.

त्यानंतर घरात एक नवलच सुरू झालं. मणी जेवता जेवता ताटात बोटाने रेघा ओढी. एकदा त्याने आईला स्वयंपाकघरातलं गोल झाकण उपडं घालून दाखवलं की काठावरच्या कुठल्याही ठिकाणाहून या दोन टोकांकडे पाहिलं तरी कोन तेवढाच राहतो. मीनाक्षीबाईंना कोन कळला नाही. पण पोराचे डोळे कळले. त्यांनी झाकण हातात घेऊन, “खरंच की,” म्हटलं आणि सांबार उतू गेलं.

आणि मग महिना होतो न होतो तोच मास्तरांची बायको गोमती विहिरीवर सहज बोलून गेली. तिला दिवस गेले होते, पाचवा महिना लागत होता. सातव्यात तिचा भाऊ कोइमतूरहून तिला न्यायला येणार. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. मास्तर पोचवायला बरोबर जाणार. तिकडे भावाच्या ओळखीच्या शाळेत गणिताची एक जागा आहे, भावाने शब्द टाकून ठेवला आहे.

बायकोला माहेरी पोचवायला गेलेला मास्तर परत आला, असं त्या शाळेत आजवर घडलं नव्हतं. मीनाक्षीबाईंनी भरलेली घागर विहिरीच्या काठावर ठेवली आणि हळूच विचारलं, आई वाट पाहत असेल ना?

गोमतीने मान हलवली. आई नव्हती. लग्नाच्या वर्षीच गेली. माहेर म्हणजे भाऊ, वहिनी आणि वहिनीची तीन लेकरं. वहिनी वाईट नाही, ती म्हणाली, पण तिला स्वतःला बसायला वेळ नाही. असं म्हणून तिने दोर विहिरीत सोडला आणि ती खाली पाण्याकडे बघत राहिली.

मीनाक्षीबाई घरी आल्या त्या पाय जमिनीवर न टेकता. डोक्यात दिवा लागला होता. बाळंतपण माहेरी व्हायला हवं ना? मग माहेरच इकडे आणायचं. त्यांनी अंबाबाईंना गाठलं. अंबाबाईंनी आधी तोंडावर हात ठेवला, मग हात काढला, आणि म्हणाल्या की परवा आडीची अठरावी आहे, त्याहून चांगला मुहूर्त कुठला?

आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरी दुथडी भरून येते. त्या दिवसांत नदीलाच दिवस गेलेत असं तिकडच्या बायका मानतात. मग तिचे डोहाळे पुरवायला चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात, गुळाचा भात, असे डबेच्या डबे घेऊन सारं गाव काठावर लोटतं. पाण्याला बांगड्या वाहतात, काळे मणी वाहतात. तंजावरकडच्या मराठ्यांनी ही रीत तमिळ शेजाऱ्यांकडून इतक्या पिढ्यांपूर्वी उचलली होती की आता ती आपलीच वाटे.

त्या दिवशी घाटावर गोमतीला पाटावर बसवलं. मीनाक्षीबाईंनी तिच्या ओटीत नारळ, तांदूळ, हळकुंड घातलं आणि नदीच्या साक्षीने सांगितलं की आजपासून ही माझी लेक, हिचं माहेर माझं घर. गोमती रडायला लागली. ती रडली म्हणून सगळ्या रडल्या. आता एवढ्यावर थांबायचं होतं. रीतीप्रमाणे आई एक पुरे. पण अंबाबाईंना राहवलं नाही. खोली माझी, पोर माझ्या दारात वावरते, मग मी कोण, असं म्हणत त्यांनीही ओटी भरली. त्यांनी भरली म्हणून पलीकडच्या घराने भरली. ज्यांची मुलं पाचवी-सहावीत होती त्या तर सरसावून पुढे आल्या. ओटीचा पदर फाटेल एवढे नारळ झाले. शेजारची शिवकामी तमिळ घरातली, तिला या भाषणातलं निम्मं कळलं. पण तिचा मुलगाही सहावीत होता. तिनेही एक नारळ ठेवला.

गोमतीने भावाला निरोप पाठवते म्हणून सांगितलं. मास्तर लाजून दूर छत्रीखाली उभे होते. मीनाक्षीबाई घरी येताना जवळजवळ गात होत्या. मास्तर हातात आले होते.

चूक काय झाली ते पंधरवड्याने कळलं.

त्या वर्षी अधिक महिना आला होता, अधिक भाद्रपद. मराठी माणूस तंजावरात दोनशे वर्षं राहिला, आमटीला सांबार म्हणायला लागला, पण अधिक महिना त्याने सोडला नाही. आणि अधिक महिना म्हटला की जावयाला जेवायला बोलवायचं, तेहतीस अनरसे वाढायचे, वर दिवा लावून ओवाळायचं. न बोलवलं तर पाप. जावई न आला तर अपमान.

गोमती लेक झाली, तेव्हा मास्तर जावई झाले. एका घराचे नव्हेत. ज्या ज्या घराने ओटी भरली होती, त्या त्या घराचे.

महिना लागला आणि मास्तरांना रोज एका घरी बोलावणं आलं. शाळेच्या मधल्या सुट्टीत ते पाटावर बसत. पुरण, खीर, वांग्याचं भरीत, तुपाची धार, आणि मग अनरसे. नको म्हणायला सोय नव्हती. काडीसारखा माणूस, त्याच्या पानात सासवा डोंगर उभे करत. तिथून उठून ते दोन वाजता शाळेत जात.

चौथ्या की पाचव्या दिवशी मणी घरी आला तो खाऊला हात न लावता बसला. खूप विचारल्यावर बोलला. मास्तर फळ्याकडे तोंड करून समीकरण लिहीत होते. अर्ध्यावर खडू थांबला. मुलांना वाटलं विचार करताहेत. बराच वेळ विचार चालला. मग मास्तरांचं कपाळ हळूच फळ्याला टेकलं.

“आणि मग?”

“मग आम्ही घंटा होईपर्यंत आवाज न करता बसलो. उठवायचं कसं? आई, कालही तसंच झालं.”

मीनाक्षीबाईंनी बोटांवर हिशेब केला. आज मास्तर अंबाबाईंकडे जेवले होते, काल खुद्द मीनाक्षीबाईंकडे. कालचा तेराव्यानंतरचा प्रत्येक अनरसा त्यांनी स्वतःच्या हाताने, आग्रह करकरून वाढला होता.

खरी पंचाईत पुढेच होती. पूर्वी मास्तर रस्त्यात दिसले की मीनाक्षीबाई सरळ थांबवून विचारत, आमच्या मणीचं कसं काय? पालक म्हणून विचारायचा अधिकार होता. आता त्या सासू झाल्या होत्या. जावयाला जाब विचारणारी सासू कुंभकोणमात कुणी पाहिली होती? जावई समोर आला की दाराआड व्हायचं आणि पदर सावरायचा. आमंत्रणं थांबवावीत तर ज्या घरांची पाळी यायची होती ती घरं भांडायला उठली असती. तुमच्याकडे जावई जेवला, मग आमच्याच पुण्यावर टाच का?

रात्रभर त्यांनी कूस बदलली. सकाळी तुकोजींना म्हणाल्या, शाळेत चला. तुकोजी म्हणाले, काय सांगणार? आम्ही मास्तरांना जेवू घालून निजवलं, असं? मीनाक्षीबाई म्हणाल्या, तेच.

आणि त्यांनी तेच सांगितलं. कृष्णराव आधी गंभीर चेहऱ्याने ऐकत होते. अनरश्यांच्या आकड्यापाशी त्यांनी रुमाल काढला, डोळ्यांना लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसून झाल्यावर मात्र ते खरंच गंभीर झाले. दोनचा तास मला हलवता येत नाही, ते म्हणाले. दालन एकच. परीक्षेला चार महिने नाहीत.

मीनाक्षीबाईंनी दाराची चौकट धरली. त्यांच्या मनात आलेली गोष्ट बाहेर पडायला घाई करत होती. जावई बोलावलेल्या घरी दुपारी जातो, असं कुठे आहे? रीत तर अशी की जावयाने सकाळीच यावं, तेल लावून न्हावं, तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या मोठ्या ओट्यावर, बसावं. आम्हीच घाईत त्याला थेट पानावर बसवत होतो. तो सकाळी येईल. ओटा रिकामाच असतो. पोरंही रिकामीच असतात.

“शाळेच्या घंटेआधी पोरं कुठल्या ओट्यावर बसतात, हे माझ्या वेळापत्रकात येत नाही,” कृष्णराव सावकाश म्हणाले. “आणि दोनच्या तासाला मुलं आपापली उदाहरणं सोडवतील. मास्तर खुर्चीत बसतील. त्यांचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते मी खिडकीतून बघायला जाणार नाही.”

मास्तरांना हे सांगायचं कसं, हा प्रश्न गोमतीने सोडवला. तिने नवऱ्याला काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी उजाडताच मास्तर न्हाऊन, केसांतून तेल निथळत, त्या दिवशीच्या सासुरवाडीच्या तिण्णैवर हजर झाले. ते म्हणाले, मला स्वतःलाच लाज वाटत होती, पण तुमच्या अनरश्यांना नाही कोण म्हणणार? तुकोजींनी दुकानातल्या जुन्या कोठीचं दार काढून त्याला काजळी फासली आणि दोन पोरांच्या खांद्यावर देऊन पाठवलं. तो फळा. तो रोज जावयाबरोबर घरोघर फिरला.

काय सकाळी होत्या त्या. आत तळणीचा वास, बाहेर बीजगणित. सूर्य वर यायच्या आत दोन्ही वर्गांची पोरं पायऱ्यांवर, अंगणात, अगदी रांगोळीच्या कडेपर्यंत बसलेली. मास्तरांचं पोट रिकामं, तेव्हा डोकं विजेसारखं चाले. एखादं उदाहरण अडलं की ते आत हाक मारून विचारत, अनरश्याला तांदळाच्या पिठाला गूळ किती? आतून उत्तर येई. मग ते पोरांकडे वळत. पीठ वाढवलं तर गूळ किती वाढेल? गूळ तेवढाच ठेवला तर काय होईल? फसफसून तुपात विरघळेल, असं आतून कुणीतरी सांगे, आणि प्रमाण म्हणजे काय ते पाचवीतल्या अगदी मंद पोरालाही जिभेवर कळे. जो सोडवील त्याला अनरसा. जो चुकेल त्याला पुन्हा एक उदाहरण, आणि ते सुटलं की अनरसा. शेवटी अनरश्याविना कुणी राहत नसे, पण फुकट कुणाला मिळत नसे.

शिवकामीकडे पाळी आली तेव्हा तिला मोठा पेच पडला. ती मीनाक्षीबाईंना येऊन म्हणाली की आमच्या पंचांगात हा महिनाच नाही, मी कुठून आणू? आणि हे अनरसे म्हणजे आमचं अदिरसमच की. मीनाक्षीबाईंनी सांगितलं, महिना आम्ही देतो, पदार्थ तुझा. शिवकामीने अदिरसम असे केले की अंबाबाईंनी चव घेऊन तोंड वाकडं केलं. चांगले झाले नाहीत तरच त्या स्तुती करत.

“अम्मा, तुमच्या लोकांचं बरं आहे,” शिवकामी फळ्याकडे पाहत म्हणाली. “वेळ कमी पडला की एक महिना जास्त घालता.”

महिना सरला, अनरसे सरले, पण तिण्णैवरचा वर्ग सरला नाही. फळा मीनाक्षीबाईंच्या दारात कायमचा उभा राहिला, आणि गोमतीही आता बहुतेक तिथेच असे. दुसरं पुस्तक संपलं, तिसरं अर्ध्यावर आलं. मणी आता झोपेत पुटपुटे, आणि काय पुटपुटतो ते तुकोजी कान लावून ऐकत आणि बायकोला सांगत, आज बरोबर सोडवतोय असं वाटतं.

मग एका सकाळी वर्ग चालू असताना गाडीतून एक भारदस्त माणूस उतरला. गोमतीचा भाऊ नरसिंह. बहिणीचा निरोप त्याला मिळाला होता, पण त्याने तो मनावर घेतला नव्हता. सातवा महिना आहे, न्यायला आलो, असं त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. आणि मास्तरांना म्हणाला की कोइमतूरची जागा पंधरा दिवस थांबेल, जास्त नाही.

पोरांचे खडू थांबले. मीनाक्षीबाई दाराआड उभ्या होत्या. भाऊ न्यायला आला तर अडवायचं कुणी? सख्खा भाऊ. आपण कोण? नदीकाठी नारळ घातलेल्या बायका.

पण तो भाऊ होता, म्हणजे गल्लीच्या लेकीचा भाऊ, म्हणजे पाहुणा. त्याला पाय धुवायला पाणी दिलं, कॉफी दिली, तिण्णैवर सतरंजी घातली. वर्ग चालूच राहिला, कारण मास्तरांना अर्धा सिद्धांत सोडून उठता येईना. नरसिंह कॉफी पीत ऐकत बसला. आत अंबाबाई गोमतीची वेणी घालत होत्या. काल त्या तिरुक्करुगावूरला जाऊन, गर्भरक्षांबिकेच्या देवळातून सुखरूप सुटकेसाठी मंतरलेलं एरंडेल घेऊन आल्या होत्या. ते कुठल्या दिवशी किती लावायचं याच्या सूचना त्या इतक्या मोठ्याने देत होत्या की बाहेर सिद्धांत ऐकू येईना.

गोमती दारात आली. भावाच्या समोर उभी राहिली. मीनाक्षीबाईंना वाटलं ती रडेल, पण ती रडली नाही.

“अण्णा, तू आलास, बरं वाटलं. वहिनीला सांग, माझा राग नाही. तिथे तिची तीन लेकरं, त्यात मी. इथे मला सकाळी डोळे उघडायच्या आत कुणीतरी विचारतं, काय खावंसं वाटतं. आई असती तर हेच विचारलं असतं. मी इथेच राहते.”

नरसिंहाने कॉफीचा पेला खाली ठेवला. मग मेव्हण्याकडे वळला. आणि तुम्ही? असं त्याने नुसत्या भुवईने विचारलं.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. समोर पायऱ्यांवर बसलेल्या पोरांवरून एकदा नजर फिरवली. “डिसेंबरनंतर विचारा,” ते म्हणाले.

कायमचा राहतो, असं ते म्हणाले नाहीत. मीनाक्षीबाईंनी तशी आशाही धरली नव्हती. डिसेंबरनंतर. दाराआड त्यांनी हा शब्द मनात तीन-चारदा म्हणून पाहिला आणि आत जाऊन नरसिंहासाठी मोठं पान घ्यायला सांगितलं. अधिक महिना संपला होता, पण त्या दिवशीचं जेवण तसंच झालं. नरसिंह दुपारच्या गाडीने जाणार होता. तो संध्याकाळच्या गाडीने गेला, कारण दुपारी त्याला उठवणं कुणाला जमलं नाही.

कार्तिकात पावसाने झोडपून काढलं. परीक्षा तोंडावर आली. अशाच एका भिजक्या सकाळी, पोरं पायऱ्या सोडून तिण्णैच्या आतल्या बाजूला दाटीवाटीने बसलेली, आणि मास्तर फळ्यावर सर्वांत अवघड सिद्धांत मांडत असताना, आतून शिवकामी धावत बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. गोमतीच्या कळा सुरू झाल्या होत्या. सुईण आली. अंबाबाईंनी सगळ्या घराचा ताबा घेतला.

मास्तरांनी तिसरी ओळ लिहिली. मग ती पुसली. मग पुन्हा तीच लिहिली. मग खडू कुठे ठेवला ते विसरले आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावसात फेऱ्या घालायला लागले. छत्री हातात होती, मिटलेली. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. घरी जावं तर परीक्षेला आठवडा. थांबावं तर शिकवणार कोण?

मीनाक्षीबाई गरम पाणी घेऊन दाराशी आल्या तेव्हा त्यांनी पाहिलं, मणी उठला होता. त्याने खाली पडलेला खडू उचलला, मास्तरांची शेवटची ओळ ओठांनी वाचली, आणि तिच्याखाली पुढची लिहिली. कुणीतरी विचारलं, हे कसं? मणीने सांगितलं. ज्याला कळलं नाही त्याला पुन्हा सांगितलं, दुसऱ्या तऱ्हेने. मग त्याखाली आणखी एक ओळ आली. पाऊस इतका होता की त्याला ओरडून बोलावं लागत होतं. तुकोजी दुकानाला निघाले होते. ते चप्पल हातात घेऊन तिथेच उभे राहिले आणि पोराकडे अशा नजरेने बघत राहिले की दुकान हा शब्द त्यांना आता आठवत असेल असं मीनाक्षीबाईंना वाटलं नाही.

पाणी निवत होतं. आतून अंबाबाई त्यांच्या नावाने हाका घालत होत्या. त्या आत गेल्या.

थोड्या वेळाने आतून एक बारीक, रागावलेलं रडणं ऐकू आलं. पोरांनी माना वळवल्या. मास्तर अंगणाच्या मधोमध थबकले. मीनाक्षीबाई बाहेर आल्या. जावयासमोर पदर सावरायचं त्या साफ विसरल्या.

“मुलगी,” त्या म्हणाल्या. “दोघी सुखरूप आहेत.”

मास्तरांनी छत्री आता उघडली. तशीच डोक्यावर धरून ते तिण्णैवर चढले आणि फळ्यासमोर उभे राहिले. सिद्धांत खालपर्यंत पुरा झाला होता. त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यांच्या कानशिलांवरून पावसाचं पाणी की आणखी काही ओघळत होतं, ते ओलेत्या माणसाचं कुणी सांगावं?

“मणी,” ते म्हणाले, “बरोबर आहे. पण तिसरी ओळ माझी चुकली होती. तू ती खालून सांभाळून घेतलीस. परीक्षेत तसं करू नकोस. पुसून नीट लिही.”

मणीने तिसरी ओळ पुसली आणि नीट लिहिली. तोवर मास्तर आत गेले होते, छत्रीसकट, आणि अंबाबाई त्यांना बाहेर काढत होत्या.